श्रमदानानंतरचा अर्धा तास

आज ओरत्तनाडूची गोष्ट. तंजावरच्या दक्षिणेला हे गाव आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२ मध्ये इथे मुक्तांबाळबाईंच्या नावाने छत्र उभारलं. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. शिवाय त्याच आवारात मुलांची शाळा.

एका कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर मी तिथे गेलो होतो. ही योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. तास भरतात, वहीवर सह्या होतात. पण त्यातून नागरिक म्हणून काय शिकलात, हे क्वचितच कोणी विचारतं. फौजेत सराव संपला की बसून बोलावंच लागतं: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं.

आधीच्या एका शिबिरात मी हा प्रयोग केला आणि तो पार फसला. तळं साफ करून झाल्यावर मुलांना बसवलं आणि चाळीस मिनिटं मीच बोललो. मुलं "हो सर" म्हणत राहिली.

ओरत्तनाडूला मात्र आम्ही जमिनीवर गोल करून बसलो. क्रमाने तीनच प्रश्न ठेवले: काय पाहिलं? तसं का असेल? आपल्याकडे याचं काय? पहिल्या प्रश्नाला मत चालत नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. तिथे घाई केली की भाषणं सुरू होतात. आणि प्रश्न विचारून आपण गप्प बसायचं. आमच्यासारख्याला हेच सर्वांत जड!

तंजावरच्या छत्रांबद्दल सरफोजीराजांचं १८०१ चं एक पत्र आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना भात मिळे आणि शिजवलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा, असं त्यात आहे. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, शिजवलेलं नको म्हणणारे कोण होते?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, आमच्या मेसमध्ये आजही काही जण वेगळे बसतात.

हा विषय मी ठरवला नव्हता. नावं निघाली असती तर भांडण पेटलं असतं, म्हणून एवढंच विचारलं, "बदलायचं तर जायचं कोणाकडे?" मेस कमिटी आपणच निवडतो, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी कमिटीला अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच ओळीत अडले: "विनंती" लिहायचं की "मागणी"? तंजावर आलं तरी वाद मिटला नव्हता.