०.१ टक्का, पण कोणाच्या मापाने?

पूर्वी प्रत्येक बाजाराची पायली वेगळी असे. एका गावात मोजून घेतलेली ज्वारी दुसऱ्या गावी मोजली तर कमी-जास्त भरायची. दशमान मापे आली आणि तो घोळ मिटला. असाच घोळ रक्ताच्या एका तपासणीत बरीच वर्षे होता. तिथे हिशेब माणसाच्या जिवाचा होता.

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया, थोडक्यात सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग. यात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि हा आजार बहुतेकांसाठी मधुमेहासारखा, औषध घेत सांभाळण्याजोगा झाला. पण आजार किती उरला, हे सूक्ष्मदर्शकातून नीट कळत नाही. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी रक्तातल्या आरएनएवरून या जनुकाच्या प्रती पीसीआर पद्धतीने मोजतात. रिपोर्टवर एक आकडा येतो. त्यावर डॉक्टर गोळी चालू ठेवतात, बदलतात, क्वचित बंदही करतात.

अडचण अशी, की एकाच रक्ताचे आकडे दोन लॅबमध्ये निरनिराळे यायचे. यंत्रे वेगळी, रसायने वेगळी. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली. ‘आयरिस’ या अभ्यासातल्या रुग्णांची उपचारापूर्वीची सरासरी पातळी १०० टक्के धरली. तिचा हजारावा भाग, म्हणजे ०.१ टक्का, हा उपचाराचा मोठा टप्पा. प्रत्येक लॅबने आपला गुणक काढायचा आणि आपला आकडा त्या पट्टीवर बसवायचा. त्यासाठी ल्यूकेमियाच्या पेशी दुसऱ्या पेशींत ठरलेल्या प्रमाणात मिसळून, गोठवून सुकवलेले चार पातळ्यांचे प्रमाण-नमुने जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मान्य केले. यंत्र किंवा रसायन बदलले, की गुणक पुन्हा तपासावा लागतो. हे काम कंटाळवाणे आणि खर्चाचे, म्हणूनच टाळले जाण्याची भीती.

गुणक बरोबर असला तरी ‘काही आढळले नाही’ हा शेरा जपून वाचावा. रुग्ण तो वाचून पेढे वाटतो. पण नमुन्यातला आरएनएच खराब झाला असेल, तर आजार असूनही दिसणार नाही. म्हणून एबीएलसारखे नेहमीचे जनुकही सोबत मोजतात. त्याच्या किमान १०,००० प्रती मिळाल्या नाहीत तर त्या शेऱ्यावर विसंबता येत नाही. आणखी खोल पातळीचा दावा करायचा तर ३२,००० लागतात. तालुक्याच्या गावातून भर उन्हाळ्यात निघालेली रक्ताची नळी दोन-तीन दिवस रखडली, तर नुकसान लॅबच्या दाराबाहेरच झालेले असते.

उलट चूकही होते. पीसीआरमध्ये प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात आणि अशा चाळीसेक फेऱ्या चालतात. आधीच्या कामाचा कण नव्या नळीत गेला, तर नसलेला आजार दिसेल. म्हणून नमुना तयार करण्याची आणि प्रती वाढवण्याची खोली वेगळी ठेवतात. प्रत्येक खेपेला एका नळीत नमुन्याऐवजी नुसते पाणी घालतात. ती कोरी राहिली नाही, तर सारी खेप रद्द. आम्ही गझल लिहिणारेही मात्रा मोजतो. पण मात्रा चुकली तर शेर लंगडतो, कोणी दगावत नाही.

एवढे करूनही थोडा फरक राहतोच. ०.०६ चे ०.१ झाले म्हणून झोप उडवून घेऊ नये. डॉक्टर पुन्हा तपासून पाहतात. शक्यतो लॅब तीच ठेवावी. आकडा आंतरराष्ट्रीय पट्टीवरचा आहे का आणि एबीएलच्या प्रती किती मिळाल्या, हे निःसंकोच विचारावे.

आता बराच काळ खोल पातळीवर टिकलेल्या काहींची गोळी डॉक्टर थांबवून पाहतात. त्यांतल्या सुमारे निम्म्यांत आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. त्या काळात तपासणी दरमहा करतात. आजार वेळेत दिसला, तर गोळी पुन्हा सुरू करून जवळजवळ सगळे सावरतात.