दोन टेपांतून एक गाणं
सिनेमामुळे आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा शेठ. रॉकच्या स्टुडिओत मात्र तो गाण्यालाच आकार देतो. बीटल्सचे जॉर्ज मार्टिन घ्या. १९६६च्या अखेरीस ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची दोन रूपं तयार होती: एक संथ, बँडपुरतं, दुसरं जलद, मार्टिननी रचलेल्या ट्रम्पेट-चेलोंसह. बँडचा गायक लेनन याला पहिल्याची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. पण पट्टी वेगळी, लयही वेगळी! मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून पाहिला. वेगाबरोबर सूरही सरकतो; नशिबानं दोन्ही जुळले. मग टेप कापून सांधली. हा सांधा मिनिटभरानं येतो, चेलो एकदम घुसतात तिथे. पुढे लेननचा आवाज जडावलेला, झोपाळू वाटतो, तो वेग उतरवल्यामुळेच.