जायकवाडीचे पाणी : आवर्तन आणि शेजपाळी

धरण
- पैठणजवळ गोदावरीवर. जलाशयाचे नाव नाथसागर.
- पायाभरणी 1965, लोकार्पण 1976.
- एकूण साठवण सुमारे 102 टीएमसी, उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी.
- डावा कालवा 208 किमी, उजवा 132 किमी.

पाण्याची वाट
- धरण, मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका, शेतचारी, शेत.

सिंचन वर्ष : 1 जुलै ते 30 जून
- खरीप : 1 जुलै ते 14 ऑक्टोबर
- रब्बी : 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर
- उन्हाळी : 1 मार्च ते 30 जून

शब्दांचे अर्थ
- आवर्तन : कालव्यात ठरावीक दिवसांसाठी सोडलेले पाणी. त्याला पाण्याची पाळी असेही म्हणतात.
- शेजपाळी : मागणी अर्ज मंजूर झाल्यावर एका शेतानंतर शेजारच्या शेताला पाणी. क्रम शेपटाकडून मुखाकडे, म्हणजे शेवटचा शेतकरी आधी.
- वाराबंदी : क्षेत्राच्या प्रमाणात ठरलेला वार आणि वेळ. पंजाब-हरियाणात रूढ.
- नमुना क्रमांक 7 : पाणी मागणीचा अर्ज.

कोण ठरवते?
- धरणातील साठा पाहून हंगामातील आवर्तनांचे नियोजन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होते.
- 2005 च्या कायद्यानुसार पाणी वापर संस्थांना पाणी मोजून दिले जाते; सभासदांमधील वाटप संस्था करते.

मोजमाप
- 1 टीएमसी : 100 कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर.
- 1 क्युसेक : सेकंदाला 1 घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर. हाच प्रवाह 24 तास चालला तर सुमारे 24.5 लाख लिटर.