दूध, जिवाणू आणि बाळंतिणीवर फुटणारं खापर

आईच्या दुधाबद्दलच्या गैरसमजांकडे वळण्याआधी एक गैरसमज पत्त्याचा. सेक्टर 67 म्हटलं की लोक डोळे झाकून पुढे ‘चंदीगड’ लिहितात. प्रत्यक्षात तो मोहालीत, म्हणजे पंजाबच्या साहिबजादा अजितसिंग नगरात येतो. औषधनिर्माणशास्त्राच्या उच्च शिक्षणाची ‘नायपर’ ही राष्ट्रीय संस्था याच सेक्टरात आहे. नोकरी-शिक्षणासाठी इकडे आलेल्या मराठी घरात बाळंतपण असलं की गावाकडून डिंकाचे, आळिवाचे लाडू येतात आणि शेजारची काकू पंजीरीचा डबा देते. दोन्ही डब्यांबरोबर सल्ले येतात, आणि गंमत अशी की ते बहुतेक सारखेच असतात: पहिलं दूध जड, दूध बाधलं, ताप आहे तर पाजू नकोस.

चिकापासून सुरुवात करू. गाईचा चीक आपण खरवस करून चवीनं खातो आणि आईचा पिवळसर चीक मात्र काही घरांत अजून पिळून टाकला जातो. त्याऐवजी तान्ह्याच्या ओठाला मध लावतात. पंजाबात यालाच गुढती म्हणतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंना तोंड देण्याइतकं त्याचं आतडं तयार नसतं. वासराला गर्भात असताना आईकडून प्रतिपिंडं जवळजवळ मिळतच नाहीत, त्याची सगळी भिस्त चिकावर. माणसाच्या बाळाला ‘आयजीजी’ ही प्रतिपिंडं वारेतून मिळतात, त्यातली बहुतेक शेवटच्या तिमाहीत. चिकातून येतात ती ‘आयजीए’. ती रक्तात फारशी जात नाहीत, आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना तिथंच अडवतात. चिकात त्यांचं प्रमाण नंतरच्या दुधाच्या कित्येक पट असतं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण देशभरात 41.8 टक्केच निघालं.

ही आयजीए येतात कुठून, हा या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. आईच्या आतड्यात किंवा श्वसनमार्गात एखादा जंतू शिरला की तिथल्या पेशी त्याला ओळखायला शिकतात. गरोदरपणाच्या अखेरीस आणि बाळंतपणानंतर त्यांतल्या काही रक्तावाटे स्तनात येऊन बसतात आणि त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. म्हणजे सोलापूरहून मोहालीत आलेल्या बाईचं दूध मोहालीच्या पाण्या-हवेतले जंतू शिकत असतं. म्हणूनच साध्या तापा-सर्दीत पाजणं थांबवणं उफराटं. आई जंतूनं आजारी पडते तोवर तो बाळापर्यंत बहुधा पोचलेला असतो, आणि त्यावरचा उतारा त्याच दुधात उतरू लागलेला असतो. दूध गाठून स्तन सुजला तरी पाजत राहावं, डॉक्टरांना दाखवावं.

‘दुधात जिवाणू? म्हणजे दूध नासलं!’ ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये निरोगी आयांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस दाखवला, तोवर बरेच तज्ज्ञही ते दूध जंतुविरहित धरत. आता स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, बायफिडोबॅक्टेरियम अशा अनेकांची नोंद आहे. काही आईच्या त्वचेवरचे. काही चक्क बाळाच्या तोंडातले, कारण चोखताना थोडं दूध उलटं स्तनात जातं. काही आईच्या आतड्यातून प्रवास करून येतात असा दावा आहे, त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कॅनडातल्या 393 आयांच्या दुधाच्या अभ्यासात, थेट अंगावर पाजणाऱ्या आणि पंपानं काढून पाजणाऱ्या आयांच्या दुधातले जिवाणू वेगळे आढळले. म्हणून पंप वाईट असं नाही. कामावर जाणाऱ्या बाईला तोच आधार.

या जिवाणूंचं जेवणही दुधातच असतं. दोनशेहून अधिक प्रकारच्या खास शर्करा त्यात असतात आणि बाळाला त्या पचत नाहीत. त्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियासाठी असतात. कोणत्या शर्करा असतील हे बऱ्याच अंशी आईच्या जनुकांवर ठरतं. लाडूंनी ते बदलत नाही. लाडू खावेत, भूक आणि ताकद यांसाठी खावेत.

मग गरोदरपणातल्या तब्येतीचा संबंध नाहीच का? आहे, पण सांगतात तसा नाही. लठ्ठपणा, गरोदरपणातला मधुमेह, सिझेरियन, प्रतिजैविकं यांच्याशी दुधातल्या जिवाणूंचे फरक काही अभ्यासांत जुळले, काहींत नाही. त्यावरून ‘तुझं सिझर झालं म्हणून बाळ आजारी’ असं सुनावणं हा शुद्ध अन्याय आहे. मधुमेहात दूध उतरायला एखाददुसरा दिवस उशीर होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे बाळाला छातीशी धरून वारंवार पाजणं, पावडरीचा डबा नव्हे. लघवीच्या संसर्गावर डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक ‘दूध बिघडेल’ म्हणून टाळलं, तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो.

‘आईच अशक्त, दूध काय पौष्टिक असणार’ हेही अर्धसत्य. कुपोषित आईचं दूधही प्रथिनं आणि कॅल्शियमच्या बाबतीत बऱ्यापैकी टिकून असतं. घसरतात ती ब12, अ, ड ही जीवनसत्त्वं आणि आयोडीन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून गरोदर स्त्रियांच्या आहाराचा दीर्घ अभ्यास चालवला, त्यात निम्म्याहून अधिक जणींत ब12 कमी निघालं. शाकाहारी घरांनी हे मनावर घ्यावं. लोहाचं वेगळंच: दुधात ते मुळातच थोडं असतं, बाळ आपला साठा पोटात असतानाच करून घेतं. देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायका रक्तक्षयी असताना लोहाच्या गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून उशाखाली ठेवणं परवडणारं नाही.

प्रतिकारशक्तीसाठी खात्रीचा उपाय हवा असेल तर तो लसीत आहे. बांगलादेशात गरोदर स्त्रियांना फ्लूची लस दिली, तेव्हा त्यांच्या बाळांतला खात्रीशीर निदान झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी झाला. निष्कर्ष 2008 मध्ये आले. प्रोबायोटिकच्या जाहिरातींना असा आधार नाही. ओडिशात सुमारे साडेचार हजार नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं खरं (2017). पण तिथं एक ठरावीक जिवाणू, ठरावीक साखरेसह, सुदृढ बाळांना सात दिवस दिला होता. दुकानातली कुठलीही पुडी म्हणजे तो नव्हे.

आणि दुधातले जिवाणू मेले तर सगळं संपलं, असंही नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात जिवाणू मरतात, शर्करा तशाच राहतात, आयजीए बऱ्याच प्रमाणात टिकतात. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं आतडं सडवणाऱ्या आजारापासून ते तापवलेलं दूधही पावडरीपेक्षा चांगलं संरक्षण देतं.