आफ्रिकेच्या रानात जाताना सोबत काय न्यावे?

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक काळी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने आमच्या वडिलांचे नाव व त्याखाली ‘मोंबासा’ अशी अक्षरे काढलेली आहेत. नाव आता पुसट झाले आहे. मोंबासा मात्र अद्याप वाचता येते. वडील चौदा वर्षे नैरोबीस रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. मुंबईहून ‘कंपाला’ अथवा ‘करंजा’ बोटीने निघताना त्या ट्रंकेत काय काय भरले जाई, हे आम्ही आईच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. कुळथाचे पीठ, आमसुले, लोणच्याची बरणी, एक गोधडी, ड्रिलच्या दोन पाटलोणी आणि घरच्या सर्वांचा मिळून काढलेला एक फोटो.

इतकी वर्षे तेथे राहूनही वडिलांनी सिंह कधी पाहिला नाही. कारकुनाच्या पगारात रानात जाण्याची चैन परवडत नव्हती. आगगाडीच्या खिडकीतून आथीच्या माळावर चरणारे जिराफ तेवढे त्यांनी पाहिले होते, आणि त्यांचे वर्णन ते आम्हां भावंडांना इतके रंगवून सांगत, की आमच्या अक्काच्या मनात ते कायमचे घर करून राहिले. तिचा मुलगा आता नोकरीनिमित्त नैरोबीस आहे. २०२४ सालच्या जुलैत त्याने आम्हां दोघांस बोलावून घेतले. अक्काचे वय तेव्हा अडुसष्ट. पुन्हा असा योग येईल याची खात्री तिला नव्हती, आम्हांसही नव्हती. परत आल्यापासून गावातील दोन-तीन कुटुंबांनी, ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत, ‘जाताना काय न्यावे?’ असे आम्हांस विचारले. त्यांच्याकरिता हा लेख.

‘सफारी’ या शब्दाने प्रथम बुजून जाऊ नये. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. अरबीतील ज्या शब्दापासून तो आला त्याच शब्दापासून आपली ‘सफर’ही आली. त्या भाषेत पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि चपातीला चपातीच म्हणतात, त्यामुळे आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी थोडासा धीर येतो. मात्र एके काळी आपल्याकडे लग्नसमारंभात मिरवणारा टेरिकॉटचा ‘सफारी सूट’ कोणी कपाटातून बाहेर काढू नये. त्याचा त्या रानाशी नावापुरताच संबंध आहे, आणि उन्हात तो अंगाला चिकटतो.

सर्वांत आधी वजनाची गोष्ट. नैरोबीहून मसाई मारा येथे मोटारीने जाता येते, पण रस्ता लांबचा आणि हाडे खिळखिळी करणारा आहे. भाच्याने आईच्या पाठदुखीचा विचार करून विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या लहान विमानाची तिकिटे काढली होती. या विमानांत माणशी बहुधा १५ किलोच सामान नेता येते, आणि त्यात हातातली पिशवीही धरतात. शिवाय पिशवी मऊ कापडाची असावी लागते. हे भाच्याने फोनवर दोनदा बजावले होते. आम्ही मात्र ‘बघू तेथे गेल्यावर’ असे म्हणून दोन कडक, चाकांच्या पेट्या घेऊन गेलो. त्या पाहून तो म्हणाला, ‘मामा, या पेट्या घरीच ठेवा. विमानाच्या पोटात त्या मावायच्याच नाहीत.’ मग रात्री अकरा वाजता जमिनीवर चादर पसरून सगळे सामान निवडावे लागले. अक्काचे ओझे बावीस किलो भरले. त्यात तीन भारी साड्या, चिवड्याचे दोन डबे आणि लोणच्याची बरणी होती. बरणीचे तेल एका साडीत उतरले होते ते निराळेच. मऊ पिशवी, मग ती साधी कॅनव्हासची का असेना, घरूनच घेऊन जावी आणि घरच्या तराजूवर एकदा तोलून पाहावी.

परंतु खरी अडचण याहून गंभीर होती, आणि ती सांगितल्याखेरीज आम्हांस पुढे जाता येत नाही. अक्काला रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आम्ही त्या नीट बांधून मोठ्या पेटीत ठेवल्या, आणि ती पेटी आमच्याबरोबर नैरोबीस पोहोचलीच नाही. ‘उद्या येईल’ असे उत्तर मिळाले; ती आली तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला घेरी येऊ लागली. रानात जाण्याचे पैसे भरून झालेले, निघायला दोन दिवस उरलेले, आणि औषधविक्रेता आम्ही सांगितलेले नाव ऐकून मान हलवीत होता, कारण आपल्याकडे गोळीला जे व्यापारी नाव असते ते तिकडे कोणास ठाऊक नसते. शेवटी अक्काच्या सुनेने खानापूरला घरी पडलेल्या रिकाम्या पाकिटांवरील मूळ औषधाचे नाव व प्रमाण फोनवर वाचून दाखविले, तेव्हा त्या भल्या माणसाने तेच औषध काढून दिले. संध्याकाळपर्यंत अक्का सावरली. पण त्या दुपारी आम्ही जे भोगले ते विसरणार नाही. तिला एवढ्या लांब आणून आपण तिच्या जिवाशी खेळलो, असेच आम्हांस वाटत होते.

म्हणून औषधे नेहमी हातातील पिशवीत, मूळ पाकिटांसह, ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी ठेवावीत. आणि डॉक्टरांकडून मूळ औषधांच्या नावांनिशी चिठ्ठी लिहून घ्यावी. चष्म्याची दुसरी जोडही त्याच पिशवीत असावी. रानातील धुळीत काचा पुसता पुसता दांडी मोडली, तर जवळपास चष्मेवाला नसतो.

कागदपत्रांत पासपोर्ट सर्वांनाच सुचतो. जानेवारी २०२४ पासून केनियाने जुना व्हिसा बंद करून निघण्यापूर्वीच संगणकावरून परवानगी मिळविण्याची पद्धत सुरू केली. तिची छापील प्रत जवळ ठेवावी. दुसरा कागद म्हणजे पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा पिवळा दाखला. केनिया अथवा युगांडाहून परत येताना आपलेच सरकार तो पाहते, आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लस सरकारमान्य निवडक केंद्रांतच मिळते. टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. मात्र साठीच्या पुढच्या माणसांना या लसीपासून क्वचित गंभीर त्रास संभवतो. तेव्हा तारीख ठरविण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे. हिवतापासाठी कोणती गोळी घ्यावी हेही त्यांनाच विचारावे, शेजाऱ्यास नव्हे.

कपड्यांविषयी पुष्कळ बाऊ केला जातो. मोटारीतून प्राणी पाहायचे असतील तर खाकी रंगावाचून काही अडत नाही. पायी हिंडणाऱ्यांनी मात्र मातकट, हिरवट रंग वापरावेत. पांढऱ्याची तासाभरात माती होते. टाळावयाचे दोन रंग म्हणजे गडद निळा आणि काळा. त्से-त्से नावाची चावरी माशी या रंगांकडे धाव घेते. तिला पकडण्यासाठी लावलेले सापळेदेखील निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. ती पातळ कापडातूनही चावते, आणि डासांचे मलम तिला फारसे जुमानत नाही. सैनिकांच्या ठिपकेदार पोशाखासारखे कपडे तर नेऊच नयेत. युगांडा, झांबिया, झिंबाब्वे या देशांत ते घालणे हा गुन्हा आहे.

विषुववृत्तावरचा देश म्हणजे रात्रंदिवस उकाडा, ही आमची समजूत पहिल्याच पहाटे पार उडाली. नैरोबी सुमारे साडेपाच हजार फुटांवर आहे, आणि टांझानियातील न्गोरोंगोरो विवराची कड त्याहून दोनेक हजार फूट उंच. सूर्योदयापूर्वी छप्पर उघडलेल्या मोटारीत उभे राहिले की दात वाजू लागतात. दहाच्या सुमारास तेच ऊन टोपीवाचून सोसवत नाही. यास्तव एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता व काढता येतील असे कपडे बरे. सुती सदरा, त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर वारा अडविणारे पातळ जाकीट. कानटोपी आणि मोठ्या काठाची टोपी अशा दोन्ही लागतात. अक्काने साडी सोडून सलवार-कमीज घालण्यास प्रथम पुष्कळ का-कू केली; पण मोटारीच्या उंच पायरीवर एकदा चढून पाहताच ती आपणहून कबूल झाली. पायांत जुने, सवयीचे बूट असावेत. मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या दिवसांत जाणार असाल, तर तेथील काळी माती आपल्या काळ्या रानासारखीच चाकांना धरून बसते एवढे ध्यानात ठेवावे.

उरलेल्या गोष्टी थोड्याच. दुर्बीण मात्र कोणाकडून उसनी का होईना, न्यावी, आणि शक्य तर माणशी एक. एकच दुर्बीण घेऊन चार माणसे बसली की बिबट्या झाडावरून उतरून जाईपर्यंत ‘मला दे, मला दे’ हेच चालते. तिच्यावर ‘८ × ४२’ असे आकडे असतात. पहिला वस्तू किती पटींनी जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. याहून अधिक पटीची दुर्बीण हलत्या मोटारीत हातात स्थिर राहत नाही. विजेचे भोक तिकडे तीन चौकोनी दांड्यांचे असते, तेव्हा तसा जोड हवा. तंबूच्या मुक्कामात वीज कित्येकदा ठराविक वेळीच मिळते, म्हणून विजेरी उशाशी असावी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कपडे गुंडाळण्याची आपली सवय मात्र सोडावी. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून व टांझानियाने जून २०१९ पासून त्या बंद केल्या आहेत, आणि दंड जबर आहे. आम्ही जुन्या उशांचे अभ्रे वापरले. खाऊ तंबूत ठेवू नये. वानरे त्याच्या वासावर आत शिरतात. चिवड्याचा डबा नैरोबीस ठेवावा लागला याचे अक्काला वाईट वाटले, पण भाच्याच्या मित्रमंडळींनी तो एका संध्याकाळी संपविला.

याच नैरोबीत गेल्या शतकाच्या आरंभी रोझेंदो रिबेरो नावाचे एक गोमंतकीय डॉक्टर माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात असत. त्यांनी पिशवीत काय भरले असेल, असा प्रश्न अक्काला पडला. तिचे स्वतःचे ओझे अखेर अकरा किलो भरले. त्यात गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवल्या होत्या, आणि सगळ्यांत वर वडिलांच्या ट्रंकेतला तो फोटो होता.

मारातील दुसऱ्या सकाळी गवतातून सात जिराफ सावकाश रस्ता ओलांडून गेले. चालकाने मोटार थांबविली, यंत्र बंद केले आणि हळूच ‘ट्विगा’ म्हणाला. अक्काने दुर्बीण मागितली नाही. ते झुडुपांआड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग खाली बसून तिने कानटोपी काढली.

परतताना तिने बाजारात एक कांगा घेतला. तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड. हस्तिदंत, कातडी, शिंपले असले काही विकत घेण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही, कारण त्यांतले बरेचसे कायद्याने बाहेर नेताच येत नाही. तो कांगा आता माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.