प्रकाशाला वाट देणारे द्रवस्फटिक

यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके वणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेले आहेत. येथील ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडणे हा एका राष्ट्रीय योजनेचा भाग आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेली ही योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशीय तंतुवाहिनी १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती.

केसासारख्या बारीक काचतंतूतून संदेश प्रकाशाच्या रूपाने जातो. मुख्य मार्गांवर एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकाच वेळी धावत असतो. रेल्वेच्या जंक्शनवर गाड्या वेगवेगळ्या मार्गांवर वळवाव्या लागतात, त्याप्रमाणे मोठ्या संदेशवहन केंद्रांत प्रत्येक तरंगलांबीला तिची वाट द्यावी लागते. हे कार्य द्रवस्फटिकाची उपकरणे करतात.

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर यांना १८८८ मध्ये या अवस्थेचा प्रत्यय आला. असा पदार्थ द्रवाप्रमाणे वाहतो, तरीही त्याचे लांबट रेणू स्फटिकातल्याप्रमाणे एका दिशेने राहतात. अल्पसा विद्युतदाब दिला की रेणू कलतात व त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग बदलतो. सिलिकॉनच्या पृष्ठावरील असंख्य सूक्ष्म चौकटींना कमी-अधिक दाब देऊन प्रकाशाची दिशा वळविता येते आणि तीव्रताही कमी करता येते. त्यासाठी प्रकाशाचे विजेत रूपांतर करावे लागत नाही.

या शास्त्रात विदर्भाचाही दुवा आहे. नागपूर विद्यापीठाचे पदवीधर डॉ. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

मात्र प्रकाश वळविण्यासाठी दुसरी वाट असावी लागते. गावाकडे जाणारा एकेरी तंतू खोदकामात तुटला, तर मुख्य मार्गावरील उत्तम उपकरणही निरुपयोगी ठरते आणि दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला तालुक्याची वाट धरावी लागते. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात कड्याच्या आकाराच्या जोडणीवर भर आहे. तीत एका बाजूने खंड पडल्यास संदेश दुसऱ्या बाजूने येऊ शकतो.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील तंतूचा मार्ग नकाशावर नोंदवून ठेवावा आणि नळयोजनेचे वा रस्त्याचे खोदकाम काढण्यापूर्वी संबंधित यंत्रणेस कळवावे. दूरच्या केंद्रात वळविलेला प्रकाश गावापर्यंत पोहोचणे या दक्षतेवरच अवलंबून आहे.