कट्टा किती किलोचा?

पाठीत उसण भरली की गावाकडे अजूनही पायाळू माणूस शोधतात. जन्माला येताना ज्याचे पाय आधी आले, त्याने पाठीला हलकेच लाथ लावली की उसण उतरते, असा समज. उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपसूकच उतरते, त्यामुळे पायाळूचं नाव राहतं. मणक्यांमधली चकती सरकली असेल तर मात्र पायाळूही उपयोगी पडत नाही आणि कंबरपट्टाही.

सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या खांडबाऱ्यात आणि भोवतालच्या पाड्यांवर ओझं उचलणं हे वेगळं काम समजलंच जात नाही. नवापूर तालुक्याच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती डाळ गिरणीतून बाहेर पडते ती कोणाच्या तरी पाठीवरूनच. डोकारे इथल्या आदिवासी सहकारी साखर कारखान्याची साखर ५० किलोच्या पोत्यांत भरली जाते. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या बायका उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. गिरणीत धान्य वर चढवायला बकेट एलिव्हेटर असतो. यंत्राचं काम कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, शिवून झाला की संपतं आणि माणसाचं तिथून सुरू होतं.

एक कट्टा उचलताना नीट पाहा. दोघं जण त्याचे कान धरतात, एक हिसडा देतात, तिसरा पाठ देऊन खाली शिरतो आणि चालू लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, जीव जातो तो चालणाऱ्याचा. चालताना ओझं कण्याच्या जवळ असतं, त्यामुळे कण्याला वाकवणारा ताण त्या मानाने कमी. मान आणि गुडघे झिजतात, ते वेगळं. पाठीचा खरा घात होतो कट्टा जमिनीवरून सुटतो त्या क्षणी.

हे तरफेचं गणित आहे. पाठ सरळ करणारा स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतो. ५० किलोचं ओझं एकट्याने कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलं, तर त्या स्नायूला त्याच्या आठपट, म्हणजे सुमारे ४०० किलोचा जोर लावावा लागतो. तेच ओझं पोटाशी आणून अंतर २० सेंटिमीटर केलं की जोर निम्म्यावर येतो. कट्टा तोच, वजन तेच. आपल्या स्वतःच्या वाकलेल्या धडाचा भार यात धरलेलाच नाही.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये या गणिताचं सुधारित सूत्र केलं. ओझं अगदी अंगाशी, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, अंगाला पीळ नाही, असं सगळं जुळून आलं तरी हाताने उचलायची मर्यादा २३ किलो. तेच ओझं जमिनीलगत आणि घोट्यांपासून ४० सेंटिमीटरवर असेल आणि कमरेपर्यंत आणायचं असेल, तर मर्यादा १० किलोच्या आसपास घसरते. दिवसभर तेच करत राहिलं तर आणखी खाली. आपल्याकडचे आकडे याच्या शेजारी ठेवायलाही संकोच वाटतो.

कारखान्यांच्या भिंतीवर गुडघे वाकवून खोकं उचलणाऱ्या माणसाचं चित्र असतं. चित्र चूक नाही, पण नुसत्या त्या शिकवणीने पाठदुखी कमी होते याला पुरावा मिळत नाही, असा २०११ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. कंबरपट्ट्याबद्दल ‘नायॉश’ने १९९४ मध्येच तसंच सांगितलं होतं. दोन्ही उपाय मालकाला स्वस्त पडतात आणि दुखलं की दोष उचलणाऱ्यावर जातो: नीट वाकला नाहीस!

उपयोग होतो तो जागा बदलण्याचा. थप्पीचा सगळ्यांत खालचा थर सगळ्यांत वाईट. तो लाकडी पाटांवर चढवला तरी वाकणं कमी होतं. ट्रकच्या फाळक्याइतका उंच ओटा बांधला तर खाली-वर करणंच टळतं. गुळगुळीत फरशी आणि चाकाची ढकलगाडी असेल तर कट्टा पाठीवर घ्यावाच लागत नाही. पहाटे मणक्यांच्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी कामावर आल्या आल्या जड काम लावू नये. पहिला तास झाडलोट, शिवण, मोजणी करावी.

आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे कट्टाच लहान करणं. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा, ही मागणी पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने लावून धरली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोचा आकडा आहे. आपण पन्नासवर आलो आणि तिथेच थांबलो. युरियाची गोणी २०१८ मध्ये ४५ किलोची झाली, पण ती खत जपून वापरलं जावं म्हणून; पाठीचा विचार त्यात नव्हता.

डाळीचं तर उलटंच झालं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या शिक्का मारलेल्या डाळीच्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी लागला. त्याहून जड कट्टा करातून सुटला.